नऊ-तेराचं भांडं

शनिवार, ८ एप्रिल १९९५

मारितच्या हातात बंदूक दिली! दुकानातल्या पोरीनेच. मिनियापोलिसचं मोठं दुकान, चौथा मजला, नजर जाईल तिथे भांडी. आवडेल त्या वस्तूवर बंदूक रोखायची, चाप ओढायचा, टुं वाजतं. झालं, वस्तू तिच्या लग्नाच्या आहेराच्या यादीत! पाहुण्यांनी यादी मागायची आणि त्यातलंच द्यायचं. आमच्या लग्नात लोक देतील ते घ्यायचं असायचं. चार टोस्टर आले होते. हॅल्वर म्हणाला होता, "एकेका भिंतीला एकेक लावू."

विहीणबाई होत्याच. लेनोर प्रॅट. मोत्यांची माळ घालून पातेली बघायला! "अर्डिस, तांब्याची घेऊ या ना. टांगल्यावर काय शोभा येते!"

"आणि घासायला कोण येणार? तुम्ही?"

हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत केली.

मारित पुढे पुढे. टुं — सुऱ्यांचा ठोकळा. टुं — घरी पाव करायचं यंत्र. टुं — इटालियन शेवया पाडायचं यंत्र! बापाच्या घरात जिने कधी अंडं उकडलं नाही, ती शेवया पाडणार.

मग नऊ-तेराच्या भांड्यांचं कपाट आलं. नऊ इंच रुंद, तेरा इंच लांब, भट्टीत रांधायची; साधी, चौकोनी, ॲल्युमिनियमची, वर सरकतं झाकण. मी थांबले. "हे घे."

"नको."

"नऊ-तेराचं नको? मग उद्या कुणाकडे बरंवाईट झालं तर कशात रांधून घेऊन जाशील? शेवयांचं यंत्र?"

"आई, ते नको म्हटलं ना!"

एवढ्या जोरात, की दुकानातली पोरगी वळून बघायला लागली. विहीणबाई लगेच चहाच्या किटल्यांकडे गेल्या. हुशार बाई.

परत सोडायला आली तेव्हा गाडी दारात उभी करून, समोर काचेकडे बघत म्हणाली, "बाबा नाहीत. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये त्यांच्या जागी माझा हात धरून वेदीपर्यंत तू चालशील?"

मी म्हणाले, "बघू."

रविवार, ९ एप्रिल

बघू! पोटच्या मुलीला. म्हणाले खरं, आणि परतही घेतलं नाही.

बुधवार, १२ एप्रिल

दुकानात त्या यादीला 'नोंदणी' म्हणतात, म्हणून शब्दकोशात 'नोंदणी' पाहिलं. जन्माची, मृत्यूची, जमिनीची, जहाजांची. भांड्यांची नाही. आठवीनंतर शाळा सुटली तेव्हापासून हा शब्दकोशच माझा मास्तर. त्याने अजून फसवलेलं नाही.

मृत्यूची नोंद आम्ही केली दोन वर्षांपूर्वी, १८ फेब्रुवारी, गुरुवार. लिहूनच टाकते. मनात नुसतं आंबत पडलंय.

सकाळी नऊला मी दवाखान्यातून मारितला फोन केला. "आजच ये. बाबांचं काही खरं नाही." मिनियापोलिसहून तीन तासांचा रस्ता. माझी नणंद बर्निस फार्गोहून निघाली, तिचा रस्ता त्याहून लांब, दोनला पोचली. त्याच बर्फातून. हॅल्वर तीनला विचारतो, "मारित आली?" चारला विचारतो, "मारित आली? काही आणलं का तिने?" ग्लानीत होता. लहानपणी ती शेतातले दगड आणून त्याच्या खिशात टाकायची, तेच दिसत असेल. पाचला दहा कमी असताना गेला.

ही आली रात्री आठला. केस ओले, बूट बर्फाने भरलेले. म्हणाली, "रस्ता खराब होता." बस्स. एवढंच.

खोटं बोलली तेही धड नाही.

शुक्रवार, १४ एप्रिल

गुड फ्रायडे. चर्चमध्ये तिच्या नावाने एकही प्रार्थना केली नाही. स्वतःच्याही नाही.

गुरुवार, २७ एप्रिल

दुकानाने यादी टपालाने पाठवली. सदुसष्ट वस्तू! लिंबू पिळायचं यंत्र आहे, लसूण सोलायची नळी आहे. नऊ-तेराचं नाही.

माझ्याकडे एक जास्तीचं आहे. हॅल्वर गेला त्या आठवड्यात स्वयंपाकघरात चौदा भांडी जमली होती. कुणाचं बटाट्याचं, कुणाचं नूडल्सचं, कुणाचं काय. प्रत्येकाच्या तळाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर शाईने नाव. तेरा भांडी घासून ज्याची त्याला पोचवली. मार्चभर तेच करत होते. बरं होतं, हातांना काम होतं.

चौदाव्याला पट्टीच नव्हती. चर्चच्या पत्रकात तीन वेळा छापलं. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी भांडं हातात घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. कुणी हूं की चूं नाही. कोपऱ्याला पोचा आलेलं भांडं आपलं म्हणायची लाज वाटली असेल.

आणि त्यातलं जेवण! रानतांदूळ आणि कोंबडी, हॅल्वरच्या आवडीचं. पण तांदूळ करकरीत कच्चे. काळा रानतांदूळ आधी तासभर उकळून घ्यावा लागतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मातीहून परतल्यावर टेबलाशी सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, "जिने हे केलं तिला मेलेल्याचीही कदर नाही." आणि भांडंच्या भांडं कुत्र्यापुढे उपडं केलं. बायका हसल्या. मलाही त्या दिवसातलं तेवढंच हसू आलं. मारित उठून अंगणात गेली. सिगारेट ओढायला, दुसरं काय.

शनिवार, १३ मे

बर्निसचा फोन.

"वहिनी, चर्चमध्ये पोरीबरोबर चालणार आहेस की नाही? ती मला विचारते. मी काय सांगू?"

"सांग, गुडघे दुखतात."

"गुडघे! काल तर लॉन कापलंस म्हणालीस. दोन वर्षं झाली गं. खून केलाय का तिने?"

"वेळेवर आली नाही. तो विचारत होता, बर्निस. तू होतीस तिथे. तू ऐकलंस."

"ऐकलं. पण तू तिला कधी विचारलंस, की बाई, कुठे होतीस?"

"विचारायचं काय त्यात? तू दोनला पोचलीस, ती आठला."

"म्हणजे नाही विचारलंस." आणि मग, "दादासारखीच हट्टी झालीस. तो तरी भांडून जेवायला बसायचा."

मी फोन ठेवला. आधी तिने ठेवला असता तर बरं झालं असतं.

रविवार, १४ मे

मातृदिन. मारितकडून फुलं आली. पाण्यात ठेवली. फुलांचा काय दोष?

मंगळवार, २३ मे

ग्रंथालयातून ध्रुवावर गेलेल्या माणसांचं पुस्तक आणलंय. मरायला टेकले तरी रोजनिशी लिहीत राहिले. आज काय खाल्लं, उद्याला काय उरलं. दुःखाबद्दल एक ओळ नाही. पटलं मला. हॅल्वरच्या बाजूची गादी अजून खोलगट आहे. मी तिकडे सरकत नाही. एवढंच, आणखी काय लिहायचं.

शुक्रवार, २ जून

ठरलं. पुढच्या शनिवारी विहीणबाईंच्या घरी आहेर उघडायचा कार्यक्रम आहे, बायकाबायकांचा. यादीतलं मी काहीही देणार नाही. ते चौदावं भांडं देणार! दोन वर्षं वाट बघितली, कुणी न्यायला आलं नाही. आता तिचं. रोज शेवया पाडताना समोर दिसू दे. बापाच्या मरणाला लोकांनी रांधून आणलं होतं, तू हात हलवत आलीस, हे आठवू दे.

आणि कार्यक्रम झाला की तिथेच सांगायचं. मी चालणार नाही. एकटी चाल.

गुरुवार, ८ जून

भांडं राखेने घासलं. पोचा काही निघेना. तळाला नवी पट्टी चिकटवली आणि शाईने ठळक लिहिलं — मारित. आडनाव लिहिणार होते. कोणतं लिहायचं? लग्नापर्यंत आमचं, मग त्यांचं. सोडून दिलं.

पांढऱ्या कागदात बांधलं. फीत नाही लावली.

शनिवार, १० जून

विहीणबाईंचा दिवाणखाना, वीसेक बायका. माझं खोकं सगळ्यात शेवटी उघडलं. पोचा आलेलं भांडं निघालं तशी कुणीतरी खाकरलं. विहीणबाई म्हणाल्या, "अय्या, जुनं आहे का? आठवणीतलं!" मारितने पोच्यावरून अंगठा फिरवला, भांडं उलटं केलं, आणि पट्टीवरचं तीन अक्षरांचं नाव कितीतरी वेळ वाचत बसली.

मग अगदी हळू म्हणाली, "तुला कधी कळलं, आई?"

"काय कळलं?"

"हे माझं आहे ते. बाबांनी फोनवर रानतांदूळ आणि कोंबडी मागितली होती. म्हणाले, आईला सांगू नको, ती म्हणेल डॉक्टर नाही म्हणतात. तू फोन केलास तेव्हा काहीच तयार नव्हतं. करायला बसले, त्यातच वेळ गेला. पुढे गाडी घसरून खड्ड्यात गेली. त्यातच भांडं आपटलं. मग कुणाला न सांगता स्वयंपाकघरात ठेवून दिलं."

माझ्या तोंडून निघालं, "मग नाव का नाही लिहिलंस गं?"

"घरीच तर आणत होते, आई."