जंतूंची भाऊबंदकी

चि. राजेश्वरीस,

वडिवळ्याहून अंबाजीमामाचे भरघोस आशीर्वाद. तू खुशाल असशील, दुपारी वेळेवर जेवत असशील (नसशील, आईच्या वळणावर गेली आहेस). आम्ही बरे. माझ्या दंडावरचं गळू वाळलं. त्यातला पू तपासायला तुझ्याच पुण्याच्या लॅबला आला होता, हे आत्ता कळलं. घरचा माल घरीच पोचला म्हणायचा.

पत्रास कारण आमचे चुलतबंधू दत्तोबा. बांधावरून आमचा अबोला आहे, हे तुला ठाऊकच (बांध माझा आहे). भाताच्या आवणीच्या चिखलात, धरणावर मौजेला येणाऱ्या शहाण्यांनी फोडलेल्या बाटलीची काच त्याच्या पायात गेली. माणसाने डॉक्टर गाठला असता. दत्तोबाने मेडिकलमधून मनानेच कॅप्सुला आणल्या, दोन दिवस खाल्ल्या, आणि ठणका थांबताच उरलेल्या म्हशीच्या आंबोणात घातल्या, का तर तिलाही मरगळ आली होती. आता म्हैस ठणठणीत आणि दत्तोबा तळेगावच्या दवाखान्यात तापाने बरळतोय. जंतू थेट रक्तात शिरले, आणि एकेक औषध पचवून बसलेत.

मग तुम्ही बोटांचे ठसे जुळवावेत तशी जंतूंची जनुकं जुळवलीत (शाळा चौथीपर्यंतच झाली, पण ही भानगड मी पेपरात वाचून समजून घेतलीय). त्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गावात येऊन म्हणाल्या, दत्तोबाच्या रक्तातला जंतू आणि अंबाजीच्या गळवातला जंतू एकाच कुळीचे. एकाचा दुसऱ्याला लागला कसा ते सांगा, म्हणजे आणखी कुणाला तपासायचं ते ठरवू. झालं, पारावरचे विद्वान जागे झाले. हनुमंत म्हणाला, "बाई, ही दोगं एकामेकाच्या दारचं पानी बी पीत न्हाईत. तुमचं मशीनच बिघाडलंय." दत्तोबाचा निलेश त्याच्याही पुढचा. तो अहवालाची नक्कल मागू लागला, वकिलाला दाखवायला. जंतूसुद्धा एकाच मूळपुरुषाचे निघाले, म्हणजे बांधात निम्मा वाटा पक्का म्हणे. बाप सलाईनवर आणि पोरगा सातबाऱ्यावर. ही अक्कल बाजारात मांडली तर टोपलीसकट फुकट कुणी नेणार नाही.

त्यापेक्षा जंतू बरे. कूळ विचारा, खरं सांगतात. आमच्या गावात ते कुणाला जमलेलं नाही. मीही बाईंना ठणकावून सांगितलं, त्याच्या वाऱ्यालासुद्धा मी उभा राहत नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
अंबाजीमामा

ता. क. : बाईंना आजच फोन कर. काच लागली तेव्हा शेजारच्या खाचरात मीच होतो. रक्त थांबेना. पायाला बांधला तो पंचा माझा, गळवावर गुंडाळलेला. दुसरं फडकं जवळ नव्हतं. तुझ्या मामीला आणि सून प्रेरणाला तपासायला मी घेऊन येतो. पण गावात यातलं अक्षर फुटू देऊ नकोस.

ता. क. दुसरा : बांधताना मी तोंड उघडलं नाही. तोच कण्हत म्हणाला, "भाऊ, हळू." म्हणजे बोलणं आधी त्यानं काढलं. माझं उत्तर द्यायचं राहिलंय. काय वाटेल ते औषध शोधा, पण त्याला शुद्धीवर आणा.