फुकटची कोथिंबीर बंद

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
राजुरात एका नामांकित मॅनेजमेंट कॉलेजची दोन पोरं आलीत, आठवडाभर खेडं शिकायला. केदार आणि रुचा. बूट इतके पांढरे की आमच्याकडं दूधसुद्धा तसं येत नाही. मी लगेच त्यांचा गाइड झालो. कुणी नेमलं नाही, पण अशी कामं नेमून मिळत नसतात.

६ जानेवारी
त्यांना आईचं भाजीचं दुकान फार आवडलं. दुकान म्हणजे स्टँडजवळ एक गोणपाट. केदारने विचारलं, मालनबाई, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता? आई म्हणाली, हितंच की बाबा, जागा कुनी न्हाई बळकावली तर. मला लाज वाटली. व्हिजनच नाही.
केदार म्हणाला, इथून कुणाला तरी कॅम्पसवर बोलायला नेऊ. तेव्हा त्याने माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम.

७ जानेवारी, सकाळ
रामहरीमामाचा फोन. नागापूरला एमआयडीसीत माझी सोय केलीय, बारा तारखेला हजर व्हायचं. म्हणाला, वैजनाथ, ही चौथी जागा, आता तरी माझं नाक कापू नको. विचार करून सांगतो म्हटलं. आई म्हणाली, त्यात इचार कसला?
निश्चय: आजच भाषण लिहून काढायचं.

संध्याकाळ
राहिलं. वही आणायला निघालो तर वाटेत एक टेम्पो रिव्हर्स येत होता. येऊ द्या, येऊ द्या म्हणालो. गटारात गेला. काढेपर्यंत दिवस मावळला. लीडरशिपचा अनुभव मिळाला.

८ जानेवारी
आई बारशाला कोतुळला. दुकान माझ्या ताब्यात. केदार-रुचासमोरच सुधारणा केली. आई प्रत्येकीला भाजीवर मूठभर कोथिंबीर फुकट देते, ती बंद. शुद्ध गळती!
आईची मैत्रीण मुक्ताबाई आली. मेथीची जुडी परत पाटीत आपटली. म्हणाली, कोथिंबीर न्हाई तर मेथी तरी कशाला? अन् लई शाना झालास व्हय रं? बाकीच्या हसल्या आणि पलीकडच्या गोणपाटावर गेल्या. दुपारपासून मी आणि भाजी. रुचा मात्र लिहीतच होती. माझं धाडस भिडलं असणार.
उरलेली भाजी गायीने संपवली. गिऱ्हाईक समाधानी.

१० जानेवारी
ग्रामपंचायतीत प्रेझेंटेशन. पडद्यावर आईच्या दुकानाचा आलेख. तिचे सगळे दिवस हिरवे, माझा एकटा लाल. दुसरं काही नजरेत भरतच नव्हतं. रुचाने त्यावर दहा मिनिटं काढली.
घरी येऊन मामाला फोन लावला. जागा दुसऱ्याला द्या, मला कॅम्पस आहे. मामाने फोन ठेवून दिला. आई मिरच्या निवडत होती. निवडलेल्याच पुन्हा निवडायला लागली.

११ जानेवारी
पोरं गेली. रुचा आईच्या पाया पडली. मला म्हणाली, ऑल द बेस्ट. म्हणजे फायनलच. शर्ट इस्त्रीला टाकला.

१९ जानेवारी
केदारचा फोन. आमंत्रण मालनबाईंना. विषय: गिऱ्हाईक परत का येतं. सोबत एक माणूस चालेल, दोघांचं विमान कॉलेजतर्फे.
मी बॅग काढली. आई म्हणाली, मुक्ताबाई येतीय. मी म्हटलं, तिथं इंग्रजी लागेल. म्हणाली, मग शिकतील की तिथली पोरं मराठी. तू दुकान बघ.
मामाला फोन केला. नागापूरची जागा बारालाच भरली.

२७ जानेवारी
आई कॅम्पसवर. सकाळी सातला गोणपाट अंथरलं. दुपारी एक बाई थांबली. वांगी हातात घेतली, दाबली, खाली ठेवली. विचारलं, मालनबाई कवा येनार? परवा, म्हटलं.
मग परवाच येते, म्हणाली.