पोह्यांची बशी

८ जानेवारी १९८८

नळी काढली! नाकातून पोटात गेलेली ती कटकट एकदाची गेली. सकाळी गॅस पास झाला, म्हणजे आतली वाट सुटली. सिस्टरनं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "झाला का हो गॅस?" मी "झाला" म्हटल्यावर पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी चक्क हात जोडले. डिप्लोमा पास झालो तेव्हाही कुणाला एवढा आनंद झाला नव्हता.

डॉक्टरांचं तेच पालुपद. अपेंडिक्स फुटलं तेव्हा पोट उघडलेलं, तेव्हापासून आत आतडी एकमेकांना चिकटलीत. मधूनच पीळ बसतो, वाट बंद. "पुन्हा उघडलं तर पुन्हा चिकटणार. सांभाळून खा." म्हणजे साल नको, बी नको, खोबरं, शेंगदाणे, पालेभाजी – सगळ्याला रामराम. दर थोड्या महिन्यांनी इथे येऊन पडायचं, आणि मधल्या काळात भीत भीत जेवायचं.

१३ जानेवारी

डोंबिवली. घर. मऊ भात आणि ताक. ताक आणि मऊ भात.

आज भोगी. वहिनीनं भाजी केली – वाटाणे, गाजर, वांगं, ओला हरभरा, वर तिळाचं कूट. बाजरीची भाकरी. दार लावून बसलो तरी वास येतोच. रडू आलं. एकतीस वर्षांचा बाप्या, भाजीसाठी रडतो!

आई म्हणाली, "रविवारी ठाण्याला मुलगी बघायला जायचंय. गणूमामानं ठरवलंय. तिथे पोटाचं काही बोलू नकोस."

"लपवायचं?"

"लपवायचं नाही रे. सांगायचं नाही, एवढंच."

१७ जानेवारी, रविवार

गेलेलो. सुमती नाव. नौपाड्यात राहते, कोर्टाजवळ एका वकिलाकडे टायपिस्ट आहे. सावळी, चष्मा, हसताना खालचा ओठ दातात धरते.

पोहे घेऊन आली. मटार, शेंगदाणे, वर ओल्या खोबऱ्याचा डोंगर. देवा! वासानंच तोंडाला पाणी सुटलं. तिची मामी म्हणाली, "घ्या ना, सुमतीनंच केलेत." सगळे माझ्या हाताकडे बघतायत. नळी काढून जेमतेम नऊ दिवस झालेत. मी चमचा उचलला. ठेवला. "सकाळी जड झालंय," म्हटलं. थाप.

बाकी सगळ्यांनी पगार विचारला. ती म्हणाली, "वागळे इस्टेटला नकाशे कसले काढता?"

"पंपांचे."

"मग पाणी कुठे अडलंय ते तुम्हाला लगेच कळत असेल."

काय सांगू बाई तुला!

भरलेली बशी तिनंच उचलून आत नेली. परत बाहेर आली नाही. मला आवडली ती. फार आवडली. जिना उतरताना गणूमामानं विचारलं, तर कानापर्यंत हसलो फक्त.

२० जानेवारी

गणूमामा तणतणत आला. "अरे, पोह्यांना शिवला नाहीस म्हणजे काय? नकारच की तो! त्यांनी तसाच घेतलाय." मला हे सुचलंच नव्हतं. माझं लक्ष मटारवर.

पुढचं तर त्याहून वाईट. याआधी जे आले त्यांनी रंगावरून नाकारलेलं तिला. आता ती म्हणते, "पुन्हा कुणापुढे बशी घेऊन जाणार नाही."

मी म्हटलं, "मामा, जाऊन खरं सांग ना, माझं पोट–"

"खबरदार!" आई उसळली. "आजारी म्हणून नाव झालं की संपलं. सगळ्या डोंबिवलीत एक मुलगी मिळायची नाही."

मला सगळ्या डोंबिवलीतली नकोच आहे. ठाण्यातली हवी आहे.

२ फेब्रुवारी

आईनं टिटवाळ्याला नेलं. तिथला गणपती लग्नं जमवतो म्हणे. प्रसाद काय, तर खोबरं! देवा, तुलाही दुसरं काही सुचलं नाही? रुमालात बांधून आणलं. कपाटात ठेवलंय. टाकवत नाही.

९ फेब्रुवारी

कामावरून सुटल्यावर कोर्टाकडे उगाच चक्कर मारली. ती मैत्रिणीबरोबर उसाचा रस पीत होती. मला बघितलं, ग्लास तसाच ठेवला आणि चालायला लागली. हाक मारायची होती. काय म्हणून मारू?

१० फेब्रुवारी

स्वप्नात अख्खी बशी संपवली. वर आणखी मागितले. ती वाढत होती.

१९ फेब्रुवारी

आडवं पडून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं.

काल ड्रॉइंग बोर्डवर असतानाच कळ आली. पोट नगाऱ्यासारखं. उलट्या. सहदेवनं – शेजारच्या टेबलावरचा – रिक्षात घातलं आणि ठाण्यातच भरती केलं. परत नळी, परत सलाईन. डॉक्टर म्हणतात, "उद्या संध्याकाळपर्यंत बघू. सुटलं नाही तर उघडावं लागेल."

भीती वाटते. खोटं कशाला बोलू, खूप वाटते. पण त्याहून जास्त एका गोष्टीचं वाईट वाटतंय. मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो, तर तिला जन्मभर वाटत राहील की हाही रंग बघून गेला.

मामा आला तसा हात धरला. "आत्ता जा. सगळं सांग. नळी, उलट्या, गॅस, काही ठेवू नकोस. तिला नाही म्हणू दे. पण मी नाही म्हटलेलं नाही, हे तिला कळू दे."

आई काही बोलणार होती. माझ्याकडे बघून थांबली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "जा रे गणू."

२० फेब्रुवारी

अजून काही नाही. डॉक्टर सहाला येतील.

चारला भेटायला सोडतात. दारात सुमती! ऑफिसची पर्स खांद्याला, हात रिकामे. आई गडबडून उठली. सुमतीनं चष्मा पुसला, नळीकडे बघितलं, सलाईनच्या बाटलीकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारणार – लपवलंत का?

"गॅस पास झाला का?"

मामानं खरंच काही ठेवलं नव्हतं! आईनं तोंडाला पदर लावला. मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग थांबते," म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.