लाल पट्टीची पोरं

टॅनर्स रन, ओहायो
१३ ऑगस्ट १९७३

ती. ऑगीदादास,
एमिलचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. इर्माचा गुडघा आता बरा आहे. वहिनींनी पाठवलेला खसखशीचा रोल दोन दिवसांत फस्त झाला, डबा परत करायचा मात्र राहिला. तेवढं सांभाळून घ्यायला सांग.

पत्राचं कारण म्हणजे मी कोच झालोय. हसू नकोस. चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या परत करायला गेलो, तर तिथे फुटबॉल लीगवाल्यांची सभा चालू. आठ ते दहा वर्षांच्या पोरांचा नवा संघ काढलाय आणि कोच कुणी मिळेना. सगळे बाप आपापल्या बुटांकडे बघत बसलेले. हातात खुर्च्या होत्या म्हणून मी एकटाच उभा होतो. उभा आहे म्हणजे तयार आहे असं धरून त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

सतरा पोरं आहेत. एकानेही आजवर चेंडू काखेत मारून दहा पावलं पळून पाहिलेलं नाही. परवा वजनं झाली. सात जण मर्यादेच्या वर गेले, त्यामुळे त्यांच्या हेल्मेटवर लाल पट्टी लागली. म्हणजे त्यांनी चेंडू घेऊन पळायचं नाही. ऑरविल पिट्स म्हणून एक आहे, तो आदल्या दिवशी जेवलाच नव्हता. पट्टी चिकटवताना रडला. शिवाय नियम असा की एखाद्या शनिवारी पंधरापेक्षा कमी पोरं आली तर संघच मोडायचा. गेल्या वर्षी दोन संघ असेच गेले. पोरं हरली म्हणून घरी बसत नाहीत रे, चेंडू एकदाही पुढे सरकला नाही की बसतात.

तू नऊ वर्षं कोच आहेस, तीन ढाली तुझ्या कपाटात आहेत. नवशिक्यांना पेलेल अशी एखादी साधी चढाई सांग. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर अक्रोड मांडून तुला शिकवायचे, ती आठवते का? मला त्या वेळी भांडी घासायला उठवायचे. ती लिहून पाठवलीस तर उपकार होतील.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा
एमिल

बेल फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
२० ऑगस्ट १९७३

चि. एमिल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. व्हर्नाला वाचून दाखवलं, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तुमच्या गावात माणसांचा इतका दुष्काळ असेल असं वाटलं नव्हतं. तू गार्ड होतास, माझ्यापुढे वाट मोकळी करणारा. गार्डाने तीन वर्षांत पाहिलं काय, तर गवत. असो. शिट्टी गळ्यात पडलीच आहे तर वाजव.

सोबत माझ्या बेचाळीस चाली आकड्यांसकट पाठवतोय. सम आकडे उजवीकडे, विषम डावीकडे, आणि पहिला आकडा पळणाऱ्याचा. आमची पोरं हे सगळं दोन आठवड्यांत तोंडपाठ करतात. तुझ्या पोरांना जमलं नाही तर दोष चालींचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

पट्टीवाल्यांचं फार मनावर घेऊ नकोस. नियमाप्रमाणे प्रत्येकाला सहा वेळा मैदानात उतरवावं लागतं, तेवढं उतरव. एरवी पाण्याच्या बाटल्यांपाशी बसव.

बाबांचं ते अक्रोडांचं प्रकरण आता जुनं झालं. मला नीटसं आठवतही नाही. आमचा मोसम जोरात सुरू होतोय, वेळ कमी, म्हणून इथेच आटोपतो. चि. सौ. इर्माला आशीर्वाद.

तुझा हितचिंतक भाऊ
ऑगी

टॅनर्स रन
१७ सप्टेंबर १९७३

ती. ऑगीदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या चाली पोचल्या, त्याला महिना होत आला. रोज संध्याकाळी कारखान्यातून थेट मैदानावर जातो आणि अंधार पडेपर्यंत आकडे घोकून घेतो. पोरं घोकतात आणि शिट्टी वाजली की सगळं विसरतात. लेस्टर नावाचा सर्वांत लहान पोरगा आहे. त्याने भर सामन्यात माझ्याकडे वळून विचारलं की सम म्हणजे कोणते. मला हसावं की रडावं कळेना.

पहिला सामना शून्य विरुद्ध चौतीस, दुसरा शून्य विरुद्ध अठ्ठावीस. दोन्ही मिळून चेंडू जेवढा पुढे गेला त्याहून जास्त मागे आला. दोन पोरांनी हेल्मेटं आणून माझ्या पायरीवर ठेवली आणि घंटा न वाजवताच गेली. आता बरोबर पंधरा उरलेत. आणखी एक जण गेला की संपलं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मलाच शिकवता येत नाही. पण बाबांचं ते थोडंफार आठवत असेल तर, दादा, बघ जरा. तुझे सामने कसे चाललेत तेही कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
एमिल

बेल फोर्ड
२१ सप्टेंबर १९७३

चि. एमिलभावजींना
व्हर्नाचे आशीर्वाद, कारण तीन महिन्यांनी का होईना, मी मोठी आहे.

डब्याची वाट बघून मी नवा घेतला. जुना आता तुमच्याकडेच असू द्या, त्यात खिळे ठेवा.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र ह्यांनी जेवताना मोठ्याने वाचलं. चौतीस आणि अठ्ठावीस हे आकडे तर दोनदा वाचले. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. मला फार वाईट वाटलं भावजी. नवऱ्याची लाज वाटण्याचे प्रसंग संसारात येतात, पण हा जरा निराळाच होता.

खरं ते सांगते. ह्यांचा मोसम वगैरे काही चालू नाही. एप्रिलमध्ये पोरांच्या बापांच्या कमिटीने ह्यांना घरी बसवलं. म्हणाले, चाली फार अवघड, आणि पोरांवर आरडाओरडा फार. शिट्टी काढून घेतली. शनिवारी हे गॅरेजमध्ये जाऊन तोच तो स्क्रू घट्ट करत बसतात. अशात तुमचं पत्र आलं की तुम्ही कोच झालात. नुसते जळले हो. तुम्ही चिडलात तरी मी तुमची बाजू घेईन, पण ह्यांना टाकून बोलू नका.

बाबांनी ज्यात चाली लिहून ठेवल्या ती वही पलंगाखालच्या पेटीत आहे. मी ती उतरवून देणार नाही. नवऱ्याच्या पेटीतलं चोरून दिरास दिलं तर ते दोघांनाही लाभत नाही. पण एक सुचवते. तुमचे दादा ज्या चढाईने गावात गाजले, तिच्यात त्यांना तीन वर्षं दिसली फक्त तुमची पाठ. आत तुम्ही होतात. मग त्यांना काय विचारताय?

इर्माला भेटल्यासारखं सांगा. आमच्यावर राग न धरता जीव लावा.

व्हर्नावहिनी

टॅनर्स रन
८ ऑक्टोबर १९७३

ती. ऑगीदादास,
सा. न. वि. वि.

बेचाळीस चाली मी बाजूला ठेवल्या, रागावू नकोस. आता आमच्या फक्त चार आहेत, आणि त्यांतली चौथी अजून बसलेली नाही.

पहिलीचं नाव पाचर. सातही पट्टीवाले मध्ये, पायाला पाय आणि खांद्याला खांदा लावून उभे करतो. चेंडू मागे लेस्टरच्या पोटाशी. मग सगळ्यांनी मिळून पुढे चालायचं. पळायचं नाही, चालायचं. लाकडात पाचर ठोकतात तसं. लेस्टर आत इतका बुडतो की समोरच्यांना तो सापडतच नाही. बाकी दोन चालीही अशाच निघतात, फक्त शेवटी तो एका बाजूने बाहेर सटकतो.

बाजू सांगण्यात मात्र आधी घोडं पेंड खायला लागलं. डावा-उजवा कळेना म्हणून मी ओढ्याकडे आणि रस्त्याकडे असं शिकवलं. आठ दिवस झकास चाललं. मग २९ तारखेचा सामना दुसऱ्या गावात, आणि तिथे ओढाच नाही. पोरं जागच्या जागी उभी राहून ओढा शोधू लागली. समोरच्या संघातल्या एका भल्या बापाने ओरडून सांगितलं की ओढा चार मैलांवर आहे. शून्य विरुद्ध वीस. मी घरी येऊन जेवलो नाही.

शेवटी इर्माला सुचलं. शाळेत रोज सकाळी झेंड्यासमोर जो हात छातीवर ठेवतात तो कुठेही गेलं तरी बदलत नाही. आता आमच्याकडे छातीचा हात आणि दुसरा हात. परवा शनिवारी पहिल्यांदा चेंडू शेवटच्या रेषेपार गेला, टचडाउन झाला. सामना आम्ही सहा-बाराने हरलो, पण पोरं अशी नाचली की जिंकणाऱ्यांना संशय आला. हेल्मेटं ठेवून गेलेले दोघे रविवारी परत न्यायला आले. ऑरविलची आई सांगत होती, तो आता दोनदा जेवतो. वजन कमी झालं तर पट्टी जाईल याची त्याला भीती वाटते.

वहिनींस नमस्कार. तुझ्या मनात माझी जागा असू दे.
एमिल

बेल फोर्ड
११ ऑक्टोबर १९७३

चि. एमिल,
आशीर्वाद.

तू वर्णन केलेली चाल बाबांची आहे. ती त्यांनी मला दिली. तुला नाही, मला. तू भांडी घासत होतास, हे तूच लिहिलं आहेस.

म्हणजे वही तुझ्यापर्यंत पोचली. माझ्या घरातून ती कुणी पोचवली हे विचारायला मला वकील नको. व्हर्ना नाही म्हणते. तिच्याशी कालपासून मी बोललेलो नाही. खुर्च्या परत करायला गेलेल्या माणसाला गाव टाळ्या वाजवून शिट्टी देतं, आणि नऊ वर्षं घासलेल्याला काय मिळतं, ते जाऊ दे. बाप तरी माझा एकट्याचा राहू द्यायचा होतास.

सहाच गुण झाले ना? फार उड्या मारू नकोस. पुढचा संघ पाचर फोडेल.

ऑगी

टॅनर्स रन
१५ ऑक्टोबर १९७३

ती. ऑगीदादास,
सा. न. वि. वि.

वहिनींशी बोल, आधी ते. वहीतलं एक अक्षर त्यांनी दिलेलं नाही. चाल मी वहीतून घेतलेली नाही, खांद्यातून घेतली. तुला अक्रोडांनी शिकवली, मला चिखलाने. तीन वर्षं माझ्या कानामागे तुझ्या बुटांचा आवाज होता. आपण जरा थांबलो तर दादा पडेल, एवढंच मला माहीत होतं, आणि तेवढंच मी या सात जणांना शिकवलं.

आता तू लिहिलंस तर मीही लिहितो. जळलो मी आहे, जन्मभर. न्हाव्याच्या दुकानात तुझा फोटो लागलाय ना, उडी मारतानाचा, त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक कोपर दिसतं. ते माझं आहे. मी त्या दुकानात केस कापायला जाणंच सोडलं. बाबा तुला टेबलापाशी बसवायचे आणि मी तिकडे एकच पातेलं चार-चारदा घासायचो, म्हणजे ऐकू तरी येईल. तुला माझा हेवा वाटतो हे वाचून मला आधी राग आला, आणि मग, लाज सोडून सांगतो, थोडं बरं वाटलं.

एप्रिलमध्ये तिकडे काय झालं तेही मला ठाऊक आहे. वहिनींनी कळवलं ते तुझ्यावरच्या मायेने. चुगली म्हणून नव्हे. मी कुणाला सांगितलेलं नाही, इर्मालासुद्धा नाही.

शनिवारी शेवटून दुसरा सामना, अकरा वाजता, आमच्याच मैदानावर. ये असं म्हणत नाही. कळवतोय. जसा आहेस तसा आमचाच राहा.

एमिल

बेल फोर्ड
२१ ऑक्टोबर १९७३

चि. एमिल यास,
अनेक आशीर्वाद.

काल मी तिथे होतो. व्हर्नाला पन्हळीचा पाइप आणायला जातो असं सांगितलं आणि साठ मैल गाडी हाकली. पलीकडच्या जाळीपाशी टोपी खाली ओढून उभा राहिलो. तू हरावास म्हणून आलो होतो, खोटं कशाला लिहू.

पहिला अर्धा तास मी तुझ्या त्या लेस्टरकडे बघत होतो. मी नेहमी चेंडूवाल्याकडेच बघतो. मग तो आत बुडाला आणि बघायला उरली ती पट्टीवाली पोरं. एक पडला तर शेजारच्याने त्याला काखेतून उचलला, आणि रांग तुटू न देता दोघं चालत राहिले. नऊ वर्षांत मी अशा किती पोरांना बाटल्यांपाशी बसवलं ते मोजायला लागलो, आणि मध्येच सोडून दिलं. तू चौदा-सहाने जिंकलास. माझ्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

सामना संपल्यावर एक जाडा पोरगा चेंडू आणायला जाळीपाशी आला. तो ऑरविल असावा. तुम्ही कुणाचे बाबा, असं विचारलं. म्हटलं, कुणाचाच नाही, कोचचा भाऊ. मग विचारलं की लहानपणी तुम्हीसुद्धा पट्टीवाले होतात का. मी म्हणालो, नाही, मी चेंडू घेऊन पळायचो. त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. म्हणाला, असू दे, चेंडू कुणीतरी न्यायला लागतोच.

वही सोबत पाठवतोय. मला आठवत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. बेचाळीस चाली तुझ्या पोरांना झेपणार नाहीत हे ठाऊक असून पाठवल्या. आणि पेटीत दडवली ती चालींसाठी नाही. बाबा गेल्यावर पहिल्यांदा उघडली, तेव्हा पाहिलं. प्रत्येक चालीखाली त्यांनी एकाच्याच नावाने टिपण केलंय, की हा असला तरच ही चालते. नाव माझं नाही. अकरा वर्षं मी ते कुणाला दिसू दिलं नाही, आणि तू भांडी घासताना ऐकत होतास म्हणतोस.

मत्सर गेला असं समजू नकोस. काल परतताना सगळी वाट तो होताच. पण व्हर्नाशी बोललो. पाइपऐवजी तिने नुसतं माझ्या बुटांवरच्या चिखलाकडे बघितलं.

पुढच्या मोसमात तुला मदतनीस लागेल. शिट्टी तुझ्याच गळ्यात राहू दे. मला पट्टीवाले दे. आरडाओरडा करणार नाही, केला तर हाकल. नाही म्हणालास तरी मी समजेन.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, आणि मी ते आजवर हात सवयीने जाईल तसं लिहीत आलो. या खेपेला लिहिताना हात थांबला, एमिल. असू दे रे.

तुझा
ऑगी