शिंपीदादांनी चुकीचे पाहिले नव्हते, असे त्यांना लेखी मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
आरोग्यकार्ड सुधारणा कक्ष

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : "मंत्रिमहोदयांनी असे विधान केलेले नाही" हे आपल्या कक्षाचे शिंपीदादांना आलेले पत्र.

महोदय,

मी आपल्या कक्षात अकरा वर्षे सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहून वक्त्याचे बोलणे हातांनी सांगते. माझे आईवडील दोघेही कर्णबधिर. अंगाईसुद्धा मी हातांवरच पाहिली आहे.

नव्या आरोग्यकार्डाची योजना समजावण्याच्या सभेत मंत्रिमहोदय जे बोलले, ते ध्वनिफितीत असे आहे : "जुनं कार्ड बंद, म्हणजे बंद असं नाही, नवीन येईपर्यंत जुनं हे एका अर्थानं… म्हणजे ती एक प्रक्रिया आहे, आणि प्रक्रिया म्हटलं की, बघा, लोकांनी घाबरायचं कारण नाही." टाळ्या झाल्या. माझे हात हवेतच होते. गेल्या वर्षी अशाच एका वाक्याला मी "बोलणे समजले नाही" अशी खूण केली, तेव्हा कक्षाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल मला लेखी समज मिळाली होती. म्हणून या वेळी मी वाक्य स्वतःच्या मनाने पुरे केले : नवीन येईपर्यंत जुने कार्ड चालेल.

पुढच्या रांगेत शिंपीदादा आणि वहिनी बसले होते. दोघांनाही ऐकू येत नाही. वहिनींचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाले. भाषण रंगात आले असता वहिनींनी मांडीवरच्या हातांनीच मला खुणावले होते, "हे काय बोलतायत, ते यांना तरी ऐकू येतंय का?" मला हसू दाबावे लागले. नंतर माझे हात वाचून दोघे निर्धास्त घरी गेले.

जुनी कार्डे पुढच्याच सोमवारी बंद झाली. रुग्णालयाने वहिनींना दारातून परत पाठवले. दादा नव्या कार्डासाठी खिडकीपुढे उभे राहू लागले. तिथे नाव पुकारतात. ते त्यांना ऐकू येईना, आणि त्यांचा नंबर रोज मागे जाई. आठव्या दिवशी वहिनी गेल्या.

दादांनी आपल्याकडे विचारणा केली. त्यावर आपले संदर्भीय पत्र गेले. मागच्या आठवड्यात ते माझ्या दारात उभे राहिले. मला वाटले, जाब विचारतील. ते माफी मागायला आले होते. "तू बरोबरच सांगितलं असशील, बाई. मीच चुकीचं पाहिलं. मीच तिला म्हणालो, घाई नाही."

मी जे झाले ते सगळे सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांनी माझे दोन्ही हात धरून हळूच खाली केले आणि कक्षाचे पत्र पुढे केले. त्यावर शिक्का आहे. माझ्या हातांवर नाही. आता ते गिऱ्हाइकाचे एकेक माप तीनतीनदा घेतात आणि तरी कापडाला कात्री लावत नाहीत. सारे आयुष्य डोळ्यांच्या भरवशावर काढलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांना भिऊ लागला आहे.

सबब, माझ्यावर योग्य ती कारवाई व्हावी. राजीनामा सोबत जोडला आहे. मात्र दादांना आपल्या सहीशिक्क्यानिशी एवढे कळवावे, की त्यांनी पाहिले ते बरोबर पाहिले. व्यासपीठावरचे वाक्य अर्धवट होते आणि ते दुभाषीने पुरे केले. ते पत्र वाचायला त्यांना माझी गरज लागणार नाही.

त्या पत्राच्या प्रतीक्षेत,
आपल्या कक्षातील दुभाषी
(सही)
दिनांक : १७

सोबत : १. सभेची ध्वनिफीत २. मला दिलेली लेखी समज ३. राजीनामा