राहिलेली फेरी

गुरुवार, १४ ऑक्टोबर

प्रिय छोटी,

आशीर्वाद. गुडघा कसा आहे? बर्फ लावतेस, की नुसतंच "लावते गं ताई" म्हणतेस? माझं ठीक चाललंय. सायकलची साखळी पुसून तेल दिलं. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. प्लंबर "येतो" म्हणालाय, म्हणजे येणार नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की मी विषय बदलते. या आठवड्यात तसं दोनदा झालं.

तुझ्या नवऱ्याला सांग, बक्षिसाचा तो फोटो फ्रेम करायला देऊ नका. का ते पुढे लिहिते.

रविवारी ट्रायथलॉनच्या दिवशीची हवा आठवते ना? पोहणं संपवून तळ्यातून बाहेर आले तेव्हा हातपाय गारठले होते, दात वाजत होते. सायकलवर बसले, तीन फेऱ्यांतली पहिली नेहमीसारखी मान खाली घालून मारली. दुसऱ्या फेरीत तळ्यामागच्या रस्त्यावर वारा सुटला आणि सगळी पानं एकदम सुटली. पिवळी, तांबडी, काही नुसतीच तपकिरी. चाकाखाली चुरचुर आवाज होत होता. एक पान हेल्मेटच्या फटीत अडकून कानापाशी फडफडत राहिलं, ते मी काढलं नाही. ऊन तिरपं होतं, पाठीवर ऊब येत होती. पाणी कुठं संपलं आणि झाडांची सावली कुठं सुरू झाली, कळत नव्हतं. मुलांना जन्मभर "खिडकीबाहेर काय बघतोस, फळ्याकडे बघ" म्हणून ओरडले, आणि त्या दिवशी मी स्वतः बघत बसले. एकटीच हसले सुद्धा. छोटी, इतकी खूष मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

आणि त्या नादात ती तिसरी फेरी आहे असं धरून मी सायकल ठेवायला आत वळले.

गणिताची बाई. तीनपर्यंत मोजता आलं नाही.

हे इथवर लिहून उठले होते. कपाट आवरलं. आता पुढचं लिहिते, कारण खरी लाज पुढेच आहे. चूक कोणाचीही होते.

दर फेरीला मनगटात रंगीत रबरबँड घालतात आणि सायकल ठेवायच्या जागी तपासनीस ते बघतो, हे तुला माहीत आहे. रविवारी तिथं आपली डेंटिस्ट उभी होती, माझी जुनी विद्यार्थिनी. माझ्या पुढच्या माणसाचा हात तिनं उलटासुलटा करून पाहिला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुमचा हात काय बघायचा बाई! जा, पळा!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

धावायला लागले, अर्ध्यावरून वळले, घड्याळाकडे पाहिलं आणि मनगट दिसलं. लाल आणि पिवळा. हिरवा नव्हता.

तिथंच थांबता आलं असतं. समोरून तू आलीस, अजून जायच्या वाटेवर. लंगडत होतीस, तरी ओरडलीस, "ताई, आज पंख लावून आलीयस की काय!" तुला हात दाखवायचा म्हणून उजवा वर केला आणि डावा बाहीत ओढून घेतला. तोवर चूक होती. त्यानंतर ती चोरी झाली.

पहिलं बक्षीस मला, दुसरं तुला. साठीपुढच्या बायकांत पहिलीलाच पुढच्या उन्हाळ्यातल्या लांब ट्रायथलॉनला थेट प्रवेश. तुझे डॉक्टर तुझ्या गुडघ्याला फक्त तेवढा एक हंगाम देतायत, ऑपरेशननंतर धावणं बंद, हे मला माहीत होतं. आणि तूच माझ्या गळ्यात पडलीस. तुझा नवरा फोटो काढताना सारखा म्हणत होता, "ताई, डावा हात पुढे घ्या, पाठीमागे काय लपवलंय?" सगळे हसले. मीही हसले.

गेल्या वर्षी हेल्मेटचा पट्टा लावण्याआधी तू सायकलीला हात लावलास, तर तुला बाद करा म्हणून सांगायला मी स्वतः गेले होते. "नियम तो नियम," असं तुझ्या तोंडावर म्हणाले. तू दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पोहायला बोलवायला आलीस. मला हेच सहन होत नाहीये.

सोमवारी वाटलं, एवढ्याशा फेरीनं काय होतं. मंगळवारी वाटलं, तुझ्याआधी मी तशीही पोचलेच असते. नसते पोचले. किती वेळानं पुढे होते ते मी मांडून पाहिलं आहे, फेरीला त्याहून जास्त लागतो. काल तू फोनवर म्हणालीस, "जाऊ दे ताई, तू लांबवाली कर, मी रस्त्यात उभी राहून पाणी देईन." रात्रभर डोळा लागला नाही.

आज सकाळी आयोजकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, कोणी तक्रार केलेली नाही, निकालही जाहीर झालाय."

मी म्हटलं, "मी करतेय ना. लिहून घ्या."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्या."

त्यांना हसू आलं, मग माझा चेहरा बघून त्यांनी लिहून घेतलं. मी बाद. प्रवेश तुझ्या नावावर झालाय. डेंटिस्टलाही जाऊन सांगितलं. ती रडायला लागली, तेव्हा तिलाच पाणी द्यावं लागलं.

मी मोठ्या मनाची वगैरे आहे असं कृपा करून म्हणू नकोस. चार दिवस तुझी जागा मी दाबून बसले होते, आणि तू लंगडत नसतीस तर कदाचित अजूनही बसले असते. दया म्हणून देतेय असं समजून नाकारूही नकोस. मी काही देत नाहीये, ते तुझंच होतं.

सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. काय बोलायचं ते मला नंतर बोल, हवं तितकं बोल. आधी प्रवेश घे. आणि सराव मी घेऊ की आणखी कोणी, हेही तू ठरव. मी रोज पहाटे तळ्यावर येईन. आलीस तर बरं, नाही आलीस तरी मला समजेल.

शर्यतीतून बाद झालेली,
ताई