पिवळ्या कागदावरचा मंगळ

३० जाने. ९८, शुक्र.
पौष संपला, काम सुरू. महिनाभर एकही जन्मपत्रिका छापली नाही. पौषात लग्नाचं कोण बोलतंय? प्रिंटर आपला कापडाखाली झाकलेला. काल दुपारी मलकपेठच्या देशपांडे काकू आल्या. त्यांच्या सुमेधाची पत्रिका हवी, आत्ताच्या आत्ता, मुलाचे वडील संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतणार. छापली, ज्योतिषी वडिलांची, अप्पांची सही घेतली, दिली. घाईत धड बघितलीही नाही.
आज सहज एक पत्रिका साध्या पांढऱ्या कागदावर काढून बघितली. काळं ठीक. लाल अक्षरं मात्र पिवळी, पाणी घातलेल्या हळदीसारखी. परत काढली. परत पिवळी.
आमचा पत्रिकेचा कागद पिवळा. आणि लाल आम्ही एकाच गोष्टीला वापरतो.


३१ जाने.
अप्पांची जुनी शिस्त. हाताने पत्रिका लिहायचे तेव्हाही मुलीला मंगळ असला की कुंडलीतला ‘मं’ लाल शाईने, आणि खाली ‘मंगळ आहे’ ही ओळही लाल. कॉम्प्युटर घेतला तरी तेच. म्हणजे पिवळ्यावर पिवळं, सुमेधाच्या पत्रिकेत मंगळ नाहीच. घरात नाही, खाली नाही. आणि त्याखाली अप्पांची सही! काचबिंदूने डोळे गेल्यापासून मी बोट धरून जागा दाखवते, तिथं ते करतात.
पोरीला कडक मंगळ. तीस पूर्ण झाली, चार स्थळं ह्याच्याच पायी मोडली.
प्रिंटरवाल्या सलीमभाईंना फोन केला. म्हणाले, महिना बंद ठेवला की रंग भोकांत वाळतो, नवीन कार्ट्रिज घाला. पण हैदराबादेत माल यायला पंधरा दिवस. मी रडकुंडीला आलेली त्यांना कळलं असावं. “नक्को घबराव मॅडम. गरम पानी में रखके देखो, नै तो काच पोंछने की नीली दवा. पन तांबे की पट्टी कू पानी नक्को लगने देव.”

१ फेब्रु., रवि.
बशीत कोमट पाणी. नळाचं नको म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड आणलं. टिश्यूची चौघडी भिजवून कार्ट्रिजचं तोंड त्यावर टेकवलं. पाच मिनिटांत टिश्यूवर पिवळा डाग, निळा डाग. तिसरा, लालसाठी लागणारा गुलाबी, नाही.
ज्याचा एक थेंब मला हवा तोच नेमका नाही.

२ फेब्रु.
स्पिरिट लावून बघितलं. काही नाही. मोरीतल्या ॲसिडच्या बाटलीकडे हात गेला होता. झाकण उघडल्यावर वासानेच भानावर आले. वेड लागायचं बाकी आहे.
उद्या मलकपेठला जाऊन खरं काय ते सांगायचं. छपाईची चूक झाली, कागद परत द्या. एवढंच. सोपं आहे.

३ फेब्रु.
सोपं नव्हतं. दार उघडताच काकूंनी पेढा हातावर ठेवला. पुण्याचा होकार आला. वैशाखात लग्न. सुमेधा आतून आली, नवी बांगडी दाखवून गेली. ती पोरगी अशी हसते हे मला माहीतच नव्हतं.
मी तोंड उघडलं तर काकूंनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, “तू केलंस ते कुणी करत नाही गं. मी मरेपर्यंत बोलणार नाही.”
म्हणजे त्यांनी बघितलंय! त्यांना वाटतंय मी मुद्दाम केलं. चहा घेतला आणि परत आले. 

५ फेब्रु.
जेवण जात नाही. 
मी मंगळ मानते का? कुणी विचारलं तर नाही म्हणेन. आज फणफणून स्वतःलाच तसं सांगितलंही. पण मुलगा मोटरसायकल चालवतो असं काकू बोलल्या होत्या, ते दोन दिवस डोक्यातून जात नाही. त्याला उद्या काही झालं तर? साधं खरचटलं तरी मी काय म्हणणार स्वतःला?
आणि अप्पा. पन्नास वर्षांत एकाचाही दोष लपवला नाही. स्वतःच्या मुलीचासुद्धा नाही. माझ्या पत्रिकेतला लाल ‘मं’ अजून ट्रंकेत आहे, टवटवीत. मी एक्केचाळीस.

६ फेब्रु.
निळं औषध घातलं. अर्धं औषध, अर्धं पाणी, कोमट. खोलीभर उग्र वास. अप्पा बाहेरून म्हणाले, “काचा पुसतेस का?” हौ म्हटलं.
त्यांच्याशी खोटं बोलले. आधी चूक, मग गप्प बसणं, आता हे.

८ फेब्रु., रवि.
आलं. आधी फिकट गुलाबी, मग एकदम दाट, टिश्यूवर पसरत गेलं. आठ दिवस ह्याची वाट बघितली आणि दिसल्यावर हात आखडले. 
प्रिंटरला लावलं. लाल लखलखीत.
आता मशीनवर ढकलायला काही उरलं नाही.

९ फेब्रु.
फोन. मुलाचे काका, पुण्याहून. फार सभ्य माणूस. त्यांच्या गुरुजींनी पत्रिका बघितली, म्हणे कुंडलीत आठच ग्रह आहेत, एक छापायचा राहिलाय वाटतं. काही हरकत नाही, ते कामासाठी हैदराबादेत येतच आहेत. परवा सकाळी अकराला घरी येऊन नवी प्रत घेतील, अप्पांच्या सहीची. अप्पांना नमस्कार सांगा म्हणाले.
फोन ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले.
म्हटलं तर अजूनही जमेल. एक आकडा बदलला की मंगळ वेगळ्या घरात जाऊन काळ्या शाईत बसतो. दोन मिनिटांचं काम आहे. मला येतं हीच भीती आहे.

१० फेब्रु.
दोन्ही छापल्या. एक खरी, लाल ‘मं’ची. एक मंगळ हलवलेली, सगळी काळी. छापून झाल्यावर कुठली देणार ते ठरवता येईना.
सकाळी अप्पांची पूजा झाली तशी सगळं सांगितलं. पौष, पिवळा कागद, काकू, पेढा, काकांचा फोन. काचा पुसत नव्हते आणि दोन प्रती छापल्यात हेही. वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.
 जपमाळ हातात, पण मणी सरकत नव्हता. मग म्हणाले, दोन्ही आण.
विचारलं, आधी कुठली देऊ? म्हणाले, कुठली ते सांगू नकोस. आजवर सगळ्यांचं मीच ठरवत आलो. बोट ठेव.
मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. दुसऱ्यावर ठेवलं, तिथंही केली. पेनाला टोपण लावायला दोनदा चुकले. मी लावून दिलं. तेव्हा म्हणाले, “तुझ्या वेळी माझी लाल दौत वाळली असती तर बरं झालं असतं.”
इतक्या वर्षांत एकदाही बोलले नव्हते.  पाणी हवं का विचारलं, नको म्हणाले.
दोन्ही कागद टेबलावर आहेत. सह्या सारख्याच आल्यात. भीती वाटते, दोन्हींची. उद्या अकराला काका येतील, आणि दार मलाच उघडावं लागेल.